न ओढलेल्या बिड्यांचा कट्टा

माह्यं नाव सुखदेव. कामरगावपासून पायी दीड-दोन घंट्याच्या वाटेवर आमचं खेडं, आता तथी जीप जाते, तवा पावसाळ्यात बैलगाडीही फसे. वाशिम जिल्हा तवा नव्हताच, सारं अकोल्यातच होतं. आमचं दोन एकर बरड वावर अन् बाकी मजुरी. माहा बाप अडानी, पन ताठ मानूस. छप्पन साली आमच्या साऱ्या वस्तीनं धम्म घेतला, मी तवा सहा-सात वर्साचा असन, मले फक्त पांढरे कपडे आठवते, मायनं माह्या अंगात मोठ्या भावाचा सदरा घातलता तो गुडघ्याखाली लोंबे. तर त्या दिवसापासून बापानं गावातलं मेलं जनावर ओढनं सोडलं. एकाचा बैल मेला, बोलावनं आलं, बाप म्हने, बैल तुमचा हाय, तुमीच ओढा. त्याच्यापायी दोन सालं आमाले कोनी वावरात कामाले बोलावलं नाई. बाप पायी पायी दूरच्या गावाले निंदाले जाये, पन त्यानं पुन्हा मेल्या जनावराले हात लावला नाई. हे तुमाले पयले सांगून ठेवतो, काहून का पुढं माही नोकरीच जनावराची निंगाली.

मी शाळा शिकलो, मॅट्रिकले इंग्रजीत गचकलो. बहात्तरचा दुष्काळ आला, आमी सारे रस्त्यावर खडी फोडाले. माही बायको कमलबाई, तवा नवीनच लग्न झालतं, ती माह्याहून जास्त फोडे, मले चिडवे, म्हने शिकेल हात हायेत तुमचे, हळू चालते. ते खरंच होतं. मंग दुष्काळ सरल्यावर आमच्या गावच्या मास्तरानं मले वाशिमले नेलं. तथी एक कॉलेज होतं, नाव नाई सांगत, आता त्याले काय करता. मास्तराची वळख होती. मले वाटलं शिपायाचं काम असन, घंटी वाजवाची, पानी भराचं. तर मोठे सायब म्हने, उंदीर सांभाळशीन का?

काय सांगू तुमाले, मी हासलो. मले वाटलं मस्करी करून राह्यले. उंदीर मारतेत राजा, सांभाळते कोन? पन खरंच होतं. कॉलेजाच्या मागच्या आंगाले टिनाची लांब खोली होती, तिच्यात पिंजऱ्यांच्या रांगा, पिंजऱ्यात पांढरे उंदीर, लाल डोळ्याचे, अन् दोन-चार ससे. तथी एक बाई होत्या, शिकवे अन् संग संग आपली मोठी पदवी कराले लागल्या होत्या, डॉक्टर व्हाची, दवाखान्याचा नाई, अभ्यासाचा डॉक्टर. त्याईचा अभ्यास असा का नवीन हायब्रीड ज्वारी आली होती, लोक म्हनत ह्या ज्वारीत दम नाई, तर बाई काही उंदराईले गावरानी ज्वारी चारे अन् काहीले हायब्रीड, अन् रोज तोलून पाहे का कोनाचं वजन वाढलं. आमच्या घरी माय दोन्ही ज्वारी एकत्र दळून आनाची, अन् इथं उंदरासाठी येगळं येगळं पीठ. हे घरी सांगतलं तर माय म्हने, मंग त्या बाईले इचार, कोनती चांगली निंगाली.

बापानं एकच इचारलं. मेला उंदीर कोन उचलते? म्या म्हटलं, मीच उचलत असन. बाप भाकर तशीच टाकून उठला. दुसऱ्या दिवशी म्या जाऊन बाईले सांगतलं, बाई, मी सारं करतो, मुतलेला भुसा काढतो, पिंजरे धुतो, पन मेलेलं उचलत नाई, आमच्या घरी चालत नाई. मले वाटलं आता नोकरी गेली. बाईनं माह्याकडं पाह्यलं, चष्मा काढला, पुसला, अन् म्हने, बरं, ते मी उचलत जाईन. काहून ते इचारलं नाई. बाई बामनाच्या, माहेर-सासर दोन्ही पुन्याकडचं, अन् त्या दिवसापासून मेला उंदीर बाई सोता चिमट्यानं उचले, कागदात बांधे अन् मांगच्या खड्ड्यात टाके. मी खड्डा खंदून देओ. बापाले सांगतलं तवा तो जेवला.

काम काई कठीन नव्हतं. सकाळी गेलो का आरा मशीनवरून लाकडाचा भुसा आनाचा, जुना काढाचा, नवा टाकाचा, पान्याच्या बाटल्या भराच्या, उंदीर शेपटीच्या बुडाले धरून तराजूत ठुवाचा. पयले पयले चावत, मंग वळखू लागले. बाई वजन लिहून घ्याच्या. टिनाचं छप्पर, उन्हाळ्यात खिडक्याले पोतं ओलं करून टांगाचं, नाईतर उंदीर मरत. मले ते काम आवडलं, खरं सांगतो. खडी फोडनाऱ्या मानसाले सावलीचं काम म्हंजे काय, ते ज्यानं फोडली त्यालेच समजते.

सालभर काई झालं नाई. मंग शिंका लागल्या. खोलीत गेलो का एकापाठोपाठ एक, दहा, पंधरा, डोळे असे खाजवत का वाटे काढून धुवावे. हातावरून उंदीर फिरला का लाल गांध्या उठत. मले वाटलं भुशाची धूळ हाय. म्हनून म्या अक्कल लढवली, नाकावर दुपट्टा बांधाले लागलो. अन् तो दुपट्टा खोलीतल्याच खिळ्याले टांगून ठुओ, कामाचा दुपट्टा कामाच्याच जागी, अन् पिंजरे पुसाले फडकं नसलं का त्यानंच पुसो, अन् झटकून पुन्हा नाकाले बांधो. हसू नका. तवा समजतच नव्हतं. जेवढं जास्त झालं तेवढा मी घट्ट बांधो. आखरी छातीतून सूं सूं आवाज याले लागला. चार पायऱ्या चढलो का थांबा लागे. हप्ताभर मी वाशिमलेच राहो, अन् रविवारी गावाले गेलो का बरा, सोमवारी पुन्हा तेच. कमल म्हने, तुमाले घरचं पानी मानवते, वाशिमचं मानवत नाई.

आता हे कोनाले सांगाची सोय नव्हती. आमच्या वस्तीतला एक जन जिनिंगमधी होता, कापसाच्या धुळीत, त्याले खोकला लागला. टीबी झाला म्हनून काढून देल्लं. टीबी होता का नव्हता देव जाने, आता मी देव मानत नाई पन तोंडात येते, तर त्याले घरचेही येगळ्या ताटात जेवाले देत. मी टेंपरवारी होतो. तीन सालं झाली का कायम करतीन असं मोठ्या सायबानं सांगतलं होतं, पन कायम व्हाच्या पयले अकोल्याले जाऊन मोठ्या डॉक्टरकडून छाती तपासून कागद आनाचा. म्हंजे खोकला निंगाला का कायम तर राह्यलंच, आहे तेही गेलं. घरी आता पोरगी झालती, मायचे डोळे गेलते. ती नोकरी गेली असती तर पुन्हा खडी.

बाईनं एकदा माहा खोकला आयकला. म्हने, सुखदेव, बिडी ओढता का? मी जल्मात बिडी ओढली नाई, आमच्या बापाची सक्त मनाई, ना दारू ना बिडी. पन माह्या तोंडातून निंगालं, हाव बाई, ओढतो. कारन बिडीचा खोकला म्हंजे काई रोग नाई. बाई म्हने, सोडा. म्या म्हटलं, सोडतो. अन् तवापासून म्या काय केलं पाहा, पानठेल्यावरून बिडीचा एक कट्टा, दोऱ्यानं बांधलेली जुडी, घेतला अन् सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला, सहज दिसन असा. कोनी म्हटलं काय रे खोकतं, का खिशावर हात ठुओ, म्हनो, हे सुटत नाई. शिपाई-चपराशी सारे हासत. एक जन रोज बिडी मागे, त्याले म्हनो, शेवटचीच राह्यली, अन् देत नसो, दिली असती तर कट्टा रिकामा झाला असता. कमलनं एक दिवस सदरा धुवाले काढला, कट्टा सापडला. आता काय सांगू तुमाले, तिनं तो कट्टा माह्या बापापुढं नेऊन ठेवला. बाप नुसता पाहे. माह्याच्यानं खरं सांगवेना, कारन खरं सांगतलं तर खोकल्याचं सांगा लागे. म्या बापापुढं खोटं कबूल केलं का मी बिडी ओढतो. चोरी न करता चोर झालो. बाप तीन महिने माह्यासंग बोलला नाई.

असं चाललं. तपासनीची तारीख आली, महिना राह्यला होता. एक दिवस वजन करता करता बाईनं लेखनी खाली ठुली. म्हने, सुखदेव, तो कट्टा काढा पाहू. म्या काढला. बाईनं दोरा सोडला, टेबलावर बिड्या मांडल्या, मोजल्या. त्याईले मोजाची सवयच होती. म्हने, दिवाळीच्या आधीपासून हाच कट्टा आहे, याच्यातली एकही कमी झालेली नाही, नुसत्या वाळून चुरा व्हायला आल्या आहेत. तुम्ही बिडी ओढत नाही. मंग खोकता कशानं?

मी रडलो. मोठा मानूस, पोरीचा बाप, उंदराच्या खोलीत उभा राहून रडलो. सारं सांगतलं, शिंका, छाती, रविवारचं, जिनिंगवाला, अकोल्याचा कागद. म्हटलं बाई, मले टीबी असन, पन सांगू नका, मी पायी पडतो. बाई म्हने, पाया पडायचं नाही. अन् त्याईनं आपल्या पोलक्याची बाही वर सरकवली. कोपरापासून मनगटापर्यंत माह्यासारख्याच लाल गांध्या. म्हने, मलाही होतं. दोन वर्षं झाली. मी सर्दी म्हणते, तुम्ही बिडी म्हणता.

मंग बाईनं समजावून सांगतलं. म्हने, हा टीबी नाही, लागत नाही कोणाला, ही ॲलर्जी आहे. उंदराचं मूत वाळतं, त्याची धूळ होते, ती नाकात गेली की काही माणसांचं शरीर भांडायला उठतं. अशी जनावरं सांभाळणाऱ्या पुष्कळ लोकांना होतं, मी पुस्तकात वाचलं आहे. म्या म्हटलं, मंग तुमी काहून लपवलं? तर म्हने, माझे मार्गदर्शक आधीच म्हणाले होते, बाईमाणसाला हे झेपायचं नाही. मी शिंकले असते तर ते खरं झालं असतं. मंग त्याईची नजर खिळ्यावर गेली. तो दुपट्टा बोटाच्या चिमटीत धरून खिडकीपाशी नेला अन् झटकला. उन्हात इतकी धूळ उडाली. दोन सालं मी ते नाकाले बांधून राह्यलो होतो. बाईले हसू आलं, अन् हसता हसता शिंका आल्या, मलेही आल्या, आमी दोघंही शिंकत राह्यलो. भाईर मुलं थांबून पाहत, काय झालं म्हनून.

तर आता तपासनीचं. बाईनं इचार केला. म्हने, तुम्ही घरी असलात की बरे असता, म्हणजे इथून दूर राहिलात तर छाती मोकळी होईल. तुम्ही आजारी नाहीच, इथे आहात म्हणून आजारी आहात. पन मले सुट्टी नव्हती, टेंपरवारीले खाडा पडला का मांगची नोकरी बाद. तवा बाईनं मोठ्या सायबाकडून कागद आनला, का सुखदेवनं गावोगावचे ज्वारीचे नमुने गोळा करून आनाचे, बारा दिवस. हे खरंच काम होतं, खोटं नव्हतं. म्या म्हटलं, अन् उंदराईचं कोन पाहीन? दुसरा शिपाई त्या खोलीत पाय ठेवत नव्हता, म्हने ते काम आपलं नाई. बाई म्हने, मी आहे ना. म्या म्हटलं, बाई, तुमचे हात पाहा. तर म्हने, माझी छाती वाजत नाही तुमच्यासारखी, बारा दिवस काढेन. जा तुम्ही.

मी गेलो. ते बारा दिवस मले अजून आठवतेत. खांद्यावर पिशव्या, रिसोडले गेलो, मंगरूळपीरले गेलो, बसनं, पायी, ट्रकवर बसून. वावरावावरात जाओ, म्हनो, एक शेर ज्वारी द्या, कॉलेजाले पाह्यजे. लोक हासत. कोनी देई, कोनी वर भाकर खाऊ घाले. चौथ्या दिवशी शिंका गेल्या. सातव्या दिवशी एक टेकडी चढलो अन् वर जाऊन ध्यानात आलं का मी कुठं थांबलोच नाई. तथीच बसलो. हवा आत जाते अन् भाईर येते, याच्यात काय एवढं, पन मी किती वेळ तेच करत बसलो. मंग आखरी दिवशी अकोल्याले गेलो. डॉक्टरनं पाठीले नळी लावली, म्हने श्वास घे, सोड, घे, सोड. कागदावर सही केली. तंदुरुस्त.

वाशिमले आलो, बसस्टँडवरून थेट कॉलेजात, कागद बाईले दाखवाचा होता. उंदीरघराले कुलूप. चौकीदार म्हने, बाई दवाखान्यात हाय. रोज सकाळी पदर खोचून पिंजरे धूत होत्या, घमेलं उचलून भुसा खड्ड्यात टाकत होत्या, आमी म्हटलं बाई तुमी कायले, तर आयकत नव्हत्या. दहाव्या दिवशी दारातच घमेलं हातातून पडलं अन् बाई खाली बसल्या, ओठ निळे पडले, बोलता येईना. रिक्षात घालून नेलं.

मी दवाखान्यात गेलो. बाई उशीले टेकून बसल्या होत्या, लुगडं नाई, दवाखान्याचा झगा, मले वळखू आल्या नाई. मले पाहून पयलं काय इचारलं असन? कागद मिळाला का. म्या दाखवला. त्याईनं पूर्न वाचला, खालची सही पाह्यली, अन् घडी करून माह्या हातात देल्ला. म्या म्हटलं, बाई, मी मोठ्या सायबाले जाऊन सारं खरं सांगतो, माह्यापायी तुमचं हे झालं, मले नाई पाह्यजे अशी कायम नोकरी. बाईले बोलाले त्रास होई, एक एक शब्द तोडून बोलत. म्हने, माझी पदवी गेली तर मी बाई राहते, शिकवते. तुमची नोकरी गेली तर काय राहतं? दोन्ही सारखं नाही सुखदेव. कोणाला बोलायचं नाही. मी बोललो नाई.

मले कायमचा कागद भेटला. बाईले डॉक्टरनं सांगतलं, पुन्हा त्या खोलीत गेल्या तर जीव जाईन. बाईनंच मोठ्या सायबाले लिहून देल्लं का जनावराचं काम बंद करा, ते मानसाले बाधते. उंदीर दुसऱ्या गावच्या कॉलेजाले गेले. मले झाडापानाच्या वर्गात टाकलं, तथी बत्तीस सालं काढली. तीन सालाच्या वजनाच्या वह्या बाईच्या कपाटात राह्यल्या, अभ्यास अर्धा, पुढं त्याईनं दुसरा धरला नाई. सारं कॉलेज त्याईच्या मागून लागलेल्याईले डॉक्टर म्हने, अन् त्याईले बाईच म्हने. जवा जवा कोनी डॉक्टर म्हनून हाक मारे अन् बाई बाजूले उभ्या असत, तवा तवा माही मान खाली जाये. त्याईची नाई जात.

बापाले मात्र म्या सारं सांगतलं, बिडीचंही. म्हातारा म्हने, त्या बाईनं मेलेलंही उचललं अन् तुह्यं जित्तंही उचललं. दुसऱ्या दिवशी पायी निंघाला, घरची गावरानी ज्वारी डोक्यावर घेऊन, वाटेत मुक्काम करत वाशिमपर्यंत, बाईच्या दारात ठेवली अन् आत न जाता वापस आला. बाईनं हाक मारली तर म्हने, बस लागली हाय. बस नव्हतीच, पायी आला.

आता मी पंच्याहत्तरीच्या पुढं हाय. कमल गेली. पोरगी अमरावतीले मास्तरीन हाय. माही छाती पुरी सुधरली नाई, गव्हाची मळनी चालली का वाजते, तो श्वासाचा फुसफुस पंप खिशात ठुवा लागते. बाई पुन्याले गेल्या होत्या लेकाकडं, दोन सालापयले वारल्या, पोरीनं फोनवर वाचून सांगतलं. म्हनून तुमाले आज सांगून राह्यलो, कोनाले बोलाचं नाई हे ज्यानं सांगतलं तो मानूसच राह्यला नाई. दुसरं कोनी असतं तर म्हनलं असतं, बाई जिथं असन तिथं सुखी राहो. मले तसं म्हनता येत नाई. आमच्या धम्मात आत्मा नाई, मेलेलं मानूस कुठंच नसते, बापानं मले तेच शिकवलं. म्हंजे माह्या छातीतला श्वास बाईचा हाय असंही म्हनता येत नाई, अन् तो वापस द्याले आता जागाही राह्यली नाई. मंग काय कराचं? तर जित्याले म्हनाचं. तुमी इतकी गोठ आयकत बसले, तुमालेच म्हनतो. ज्या कामात असान, त्या कामात तुमाले श्वास पुरो.